इट (मूकपट, १९२७)

इट हा १९२७च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेला अमेरिकी विनोदी प्रेमपट. दिग्दर्शक क्लॅरेन्स बॅजर, निर्मिती पॅरामाउंटची. त्याच वर्षी ऑक्टोबरात संवाद ऐकू येणारा ‘द जॅझ सिंगर’ आला आणि मूकपटांचे दिवस भरत आले. ज्याला नेमके नाव देता येत नाही असे माणसातले आकर्षण म्हणजे ‘इट’, ही ब्रिटिश लेखिका एलिनॉर ग्लिन यांची कल्पना. चित्रपटात त्या स्वतःच्याच भूमिकेत दिसतात.

मोठ्या दुकानात काउंटरवर काम करणारी बेटी लू (क्लारा बो) मालक सायरस वॉल्थमवर (अँटोनियो मोरेनो) भाळते. सायरसच्या मनात भरायचे तर त्याच्या नजरेस पडायला हवे. म्हणून रिट्झ या उंची हॉटेलात जेवायला जाण्यासाठी तिच्या कामावरच्या साध्या कपड्यावरच कात्री चालवली जाते. पुढे न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या जत्रेत घसरगुंड्यांवर दोघे पोरांसारखे हसतात, आणि तिथे प्रेम जुळते.

गैरसमजाचे मूळ मात्र खोटेपणात नाही, मायेत आहे. बेटीची आजारी मैत्रीण मॉली एकटी आई. तिचे मूल काढून न्यायला समाजसेविका दारात उभ्या राहतात. बेटी मुलाला उचलून छातीशी धरते आणि सांगते, हे माझे! सायरसचा मित्र माँटी हे पाहतो आणि बातमीही छापून येते. सायरस मग हिरे, दागिने सगळे देऊ करतो, फक्त लग्नाचे नाव काढत नाही. आपल्याला काय समजले गेले, हे उमगताच क्लारा बोचा चेहरा ज्या तऱ्हेने बदलतो, त्यासाठी मूकपटात संवादांसाठी पडद्यावर येणाऱ्या पाटीवरच्या मजकुराची गरजच उरत नाही. डोळ्यांनी पाहिले तेच खरे, हा माणसांचा समज मूकपटाइतका दुसऱ्या कोणत्या माध्यमाला पेलला असेल असे वाटत नाही.

शेवटचा भाग ‘इटोला’ नावाच्या नौकेवर घडतो. सायरसशी जिचे लग्न होईल असे सगळे धरून चालतात, त्या श्रीमंत अडेलाला अपघातात पाण्यातून वाचवते ती बेटीच. नौकेच्या नांगरावर प्रेमिकांची भेट होते तेव्हा नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे, म्हणजे ‘It’, त्यांच्यामध्ये दिसतात.

गॅरी कूपर यात बातमीदाराच्या छोट्या भूमिकेत आहे. ‘इट गर्ल’ ही ओळख क्लारा बोला जन्मभर चिकटली. चित्रपट अनेक वर्षे हरवलेला मानला जात होता. १९६०च्या दशकात प्रागमध्ये त्याची प्रत सापडली. २००१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.