मागच्या काचेवरच्या पट्ट्या आणि आरशांचा हिशेब

फोर्ड मस्टँगची फास्टबॅक गाडी बाजूने पाहिली की छत कुठे संपलं आणि मागची काच कुठे सुरू झाली हे पटकन कळत नाही. छताचा उतार तसाच काचेत उतरतो आणि थेट डिकीपर्यंत जातो. या गाडीचं सगळं देखणेपण या उतारात आहे, आणि उन्हाच्या बाबतीत तिची अडचणही तिथेच आहे. उभी काच भर दुपारचं ऊन फारसं आत घेत नाही. आडवी पडलेली काच मात्र ते पूर्ण अंगावर घेते. म्हणूनच या गाड्यांचे हौशी मालक मागच्या काचेवर लूव्हर्स बसवतात, म्हणजे एकाखाली एक रचलेल्या काळ्या आडव्या पट्ट्या. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या लाकडी खिडक्यांना असतात तशाच.

हा प्रकार आला त्या काळात तो निव्वळ नटवेपणा नव्हता. १९६६ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीची मिउरा आली. तिचं बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या लगेच मागे आडवं बसवलेलं होतं. त्याची उष्णता वर निघून जायला वाट हवी होती आणि चालकाला मागचं थोडं तरी दिसायला हवं होतं. तिच्या मागच्या भागावरच्या पट्ट्यांनी ही दोन्ही कामं केली. पुढे १९६९ सालच्या मस्टँग बॉस ३०२ या गाडीसाठी डिझायनर लॅरी शिनोडा यांनी मागच्या काचेवरच्या पट्ट्या आणल्या. हे शिनोडा मूळचे लॉस एंजेलिसचे, जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा त्यांचं काही बालपण मँझनारच्या छावणीत गेलं. बॉसचं इंजिन पुढे होतं, त्यामुळे तिथे पट्ट्यांचं काम उरलं ते सावलीचं आणि रुबाबाचं. आज बाजारात मिळणारे लूव्हर्स याच बॉसचे वंशज आहेत.

ते विकत घेताना सहसा दिसण्याचाच विचार होतो. माझं म्हणणं असं की लूव्हर्स आणि बाजूचे आरसे ही एकच खरेदी समजावी. मागच्या काचेतून जेवढी नजर आपण काढून घेतो, तेवढी आरशांकडून परत मिळवावी लागते.

आधी ऊन. निरभ्र दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट इतकी सौरऊर्जा पोचते. जमिनीशी २५ अंशांचा कोन करणारी एक चौरस मीटर काच घेतली आणि सूर्य डोक्यावर असला, तर तिच्यावर सुमारे ९०० वॅट पडतात. साधी काच त्यातला तीनचतुर्थांश भाग आत सोडते. म्हणजे गाडी उभी असताना तिच्यात साडेसहाशे-सातशे वॅटचा हीटर चालू राहतो. सीट आणि इतर भाग तापतात आणि अवरक्त किरण टाकू लागतात. या लांब तरंगलांबीच्या किरणांना काच अपारदर्शक असते. पण गाडी तापण्याचं मुख्य कारण त्याहून साधं आहे: गरम झालेली हवा बाहेर पडू शकत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वूड यांनी १९०९ मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, दुसरीवर अवरक्त किरण सहज सोडणारी सैंधवाची पाटी. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या.

२००५ मध्ये अमेरिकेत उभ्या गाड्यांवर झालेल्या एका अभ्यासात आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडक्या बोटभर उघड्या ठेवून काही साधलं नाही. त्यामुळे ऊन काचेच्या बाहेरच अडवणं हा खरा उपाय. आतून लावलेला पडदा तापतो तो काचेच्या आत, आणि त्याची उष्णता आतच राहते. बाहेरची पट्टी तापली तर तिची उष्णता वारा घेऊन जातो. अर्थात पुढची काच आणि छत उघडेच असतात, तेव्हा अख्खी गाडी थंड राहील अशी अपेक्षा करू नये. मागची सीट आणि तिच्यामागची फळी मात्र नक्की वाचते.

पट्टीची मापं कशी ठरतात ते पाहण्यासारखं आहे. दोन पट्ट्यांत ५ सेंटिमीटर उभं अंतर ठेवलं आणि काचेचा कोन २५ अंश असला, तर एका पट्टीपासून दुसरीपर्यंतचं आडवं अंतर १०.७ सेंटिमीटर येतं. पट्टीची रुंदी निदान एवढी असली तरच डोक्यावरचा सूर्य पूर्ण झाकला जातो. आपण ११ सेंटिमीटर धरू. आता सूर्य गाडीच्या थेट मागे आहे. तो जसजसा खाली उतरतो तसतसं जास्त ऊन पट्ट्यांच्या मधून काचेपर्यंत पोचतं, आणि क्षितिजापासून साधारण साडेचोवीस अंशांवर आला की पट्ट्या जेमतेम निम्मं ऊन अडवतात. फोर्डचं गाव डिअरबॉर्न, मिशिगन राज्यातलं, अक्षांश ४२. तिथे जूनच्या मध्यान्ही सूर्य ७१ अंशांवर असतो, डिसेंबरच्या मध्यान्ही जेमतेम २४ वर. म्हणजे याच पट्ट्या उन्हाळ्यात बहुतेक ऊन अडवतात आणि थंडीत ते बरंचसं आत येऊ लागतं. मुंबईत डिसेंबरच्या मध्यान्हीही सूर्य ४७ अंशांच्या वर असतो, त्यामुळे इथे जास्त ऊन शिरेल ते सकाळी आणि संध्याकाळी. जितकी काच आडवी, तितकी पट्टी रुंद लागते. हे गणित गाडीच्या मॉडेलगणिक बदलतं, आणि म्हणून एका गाडीचे लूव्हर्स दुसरीवर ठोकून बसवू नयेत.

आता या पट्ट्यांमधून दिसतं कसं? मागे पाहणारी नजर आतल्या आरशावरून जवळपास आडवी जाते. पट्टीही आडवी असली तर नजरेला फक्त तिची कड दिसते. कड ३ मिलिमीटरची असेल आणि डोळ्यापासून आरशामार्गे पट्टीपर्यंतचं अंतर २.६ मीटर असेल, तर शंभर मीटर मागच्या दृश्यातली साधारण बारा सेंटिमीटरची आडवी रेघ झाकली जाते. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते खालच्या पट्ट्यांपाशी. समजा एखादी पट्टी आरशापेक्षा २५ सेंटिमीटर खाली आणि २ मीटर मागे आहे. तिच्याकडे जाणारी नजर सुमारे ७ अंश खाली झुकते. तीच ११ सेंटिमीटरची पट्टी तेव्हा १.४ सेंटिमीटर जाड दिसते, म्हणजे नुसत्या कडेच्या चौपटीहून जास्त दृश्य गिळते. म्हणून चांगल्या लूव्हर्सच्या सगळ्या पट्ट्या एकमेकींना समांतर नसतात. खालच्या पट्ट्यांची मागची कड थोडी खाली झुकवलेली असते, जेणेकरून प्रत्येक पट्टी आरशाच्या दिशेने रोखलेली राहते. खरेदीपूर्वी बघायची गोष्ट ही.

आणखी एक बारकावा आहे. गाडीच्या खांबाआड काही लपलं तर एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला थोडंफार दिसतं, कारण आपले डोळे एकमेकांच्या शेजारी आहेत. आडव्या पट्टीपुढे या रचनेचा काहीच उपयोग होत नाही, दोन्ही डोळ्यांपुरती तीच रेघ झाकली जाते. डोकं किंचित वरखाली केलं तरच ती सरकते.

बसवण्याच्या कामात सगळा भरवसा अ‍ॅक्रिलिक फोमच्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर असतो. पुष्कळ जण काच ओल्या फडक्याने पुसतात आणि टेप दाबून मोकळे होतात. काचेवर आदल्या धुलाईतलं वॅक्स किंवा सिलिकॉनचा अदृश्य थर असला तर टेप त्या थराला चिकटते, काचेला चिकटतच नाही. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन जागा पुसायची, कोरड्या स्वच्छ फडक्याने ती ओल टिपायची आणि मग तिथे बोट लावायचं नाही. हा गोंद घट्ट द्रवासारखा वागतो. दाबल्यावर तो काचेच्या सूक्ष्म खाचाखोचांत हळूहळू पसरतो आणि मगच रेणूंमधलं आकर्षण कामाला येतं. थंडीत तो पसरत नाही, म्हणून १० अंशांखाली हे काम करू नये. साधारण तापमानाला पहिल्या वीस मिनिटांत निम्मी पकड येते, चोवीस तासांत नव्वद टक्के, पूर्ण पकडीला बहात्तर तास लागतात. तोवर गाडी महामार्गावर नेऊ नये आणि धुऊही नये.

कडक सुकणारा गोंद इथे का चालत नाही? एक मीटरची एबीएस प्लास्टिकची चौकट २० अंशांवरून ७० अंशांवर गेली की जवळपास ४ मिलिमीटर वाढते. काच त्याच उष्णतेत अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. अ‍ॅल्युमिनियमची चौकट सव्वा मिलिमीटरच्या आत राहते. हा फरक रोज दुपारी येतो आणि रोज रात्री जातो. कडक सांधा त्याने तडकतो. फोम मात्र कलतो, ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येतो. धातूची चौकट त्यामुळे जास्त टिकाऊ, पण ज्या गाड्यांचा रेडिओ अँटेना मागच्या काचेतच छापलेला असतो त्यांच्यात धातूने रेडिओची खरखर वाढू शकते.

हवेच्या विरोधाबद्दल थोडक्यात. एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मोटारीच्या साध्या प्रतिकृतीवर प्रयोग केले. मागचा उतार १२.५ अंशांच्या पुढे गेला की विरोध चढत जातो, ३० अंशांपाशी कमाल गाठतो आणि त्यापलीकडे अचानक खाली येतो, असं त्यांना आढळलं. मस्टँगसारख्या गाड्यांची काच नेमकी या नाजूक टप्प्यात येते. त्यामुळे लूव्हर्सने इंधन वाचेल असा दावा वाऱ्याच्या बोगद्यातल्या मोजमापाशिवाय कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. शिट्टी मात्र खरीच वाजू शकते. ३ मिलिमीटरच्या धारदार कडेवरून सेकंदाला ३० मीटर वेगाने हवा गेली तर भोवरे सुटून साधारण २००० हर्ट्‌झचा आवाज निघतो, आणि तिथे आपला कान चांगलाच तिखट असतो. गोल केलेली कड त्यावर उपाय.

आता आरसे. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रे हॅरून यांनी आपल्या मारमन वास्प गाडीवर मागचं पाहायला आरसा लावला होता आणि ते जिंकलेही. पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसलं नाही, असं ते नंतर सांगत. याचं कारण परावर्तनाच्या नियमात आहे. आरसा जेवढ्या कोनाने हलतो त्याच्या दुप्पट कोनाने प्रतिमा हलते. ०.१ अंशाची थरथर झाली तर ५० मीटर मागची गाडी आरशात १७ सेंटिमीटर वरखाली नाचते. बारीक दांड्यावरचे रेसिंग आरसे फार देखणे दिसतात, पण आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर असताना सेकंदाला ५० हादरे देतं आणि नेमका त्याच वारंवारतेला दांडा डोलत असेल तर तो आरसा शोभेपुरता उरतो. हाताने हलवून बघावा, दांडा आखूड आणि ताठ असावा.

काच सपाट की बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर, हा पुढचा प्रश्न. अमेरिकी नियमानुसार चालकाच्या बाजूचा आरसा सपाट असतो. दुसऱ्या बाजूला बहिर्वक्र चालतो, त्याची वक्रता त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटरच्या दरम्यान हवी, आणि वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत ही सूचना त्यावर छापावी लागते. सूचना किती गंभीर आहे ते आकड्यांतून कळतं. त्रिज्या १४०० मिलिमीटर, डोळा आरशापासून १.३ मीटरवर आणि मागची गाडी २० मीटरवर धरली, तर ती गाडी सपाट आरशातल्या आकाराच्या जेमतेम ३६ टक्के दिसते. मेंदू आकारावरून अंतर ठरवतो, आणि त्याला ती ५७-५८ मीटरवर वाटते. बदल्यात दृश्य रुंदावतं. चालकाच्या बाजूला १७ सेंटिमीटर रुंद सपाट आरसा ७० सेंटिमीटरवरून ढोबळमानाने १४ अंश दाखवतो. त्याच मापाचा बहिर्वक्र २८.

लूव्हर्स लावलेल्या गाडीसाठी मी ही अदलाबदल स्वीकारेन. आतल्या सपाट आरशात गाडी पट्ट्यांमागून का होईना खऱ्या आकारात दिसते, तेव्हा अंतराचा अंदाज त्यातून घ्यावा आणि शेजारी कुणी आहे का हे बाहेरच्या बहिर्वक्रात पाहावं.

भारतात ही मस्टँग २०१६ मध्ये उजव्या स्टिअरिंगसह विकायला आली. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार व्हावा असा नियम आहे. काही बसवण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावं.

आरसे बसवून झाले की लावायचे कसे, याचं उत्तर अभियंता जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात दिलं आहे. बहुतेक जण बाहेरच्या आरशात स्वतःच्या गाडीचा पत्रा दिसत ठेवतात आणि आतल्या आरशातलंच दृश्य दुसऱ्यांदा पाहतात. प्लॅट्झर सांगतात: चालकाच्या बाजूच्या काचेला डोकं टेकवा आणि त्या बाजूचा आरसा गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवा. मग डोकं गाडीच्या मध्यरेषेवर आणून दुसऱ्या बाजूचा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसणार नाही, शेजारची लेन दिसेल. गाडी मैदानात उभी करून ओळखीच्या माणसाला मागून बाजूने हळूहळू चालत यायला सांगा. तो आतल्या आरशातून निघण्याआधी बाहेरच्या आरशात यायला हवा, आणि बाहेरच्या आरशातून जाण्याआधी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसायला हवा. मधे कुठे तो हरवला तर आरसा आणखी वळवा. तरीही हरवत असेल तर पट्ट्या काढून ठेवा.