रोपाशिवाय वाढणारी औषधी मुळे

सर्पगंधा, अश्वगंधा यांसारख्या वनस्पतींचे औषधी द्रव्य मुळांत साठते. मूळ हवे तर अख्खे रोप उपटावे लागते. रानातून अशी उपटाउपट होत गेल्याने सर्पगंधा दुर्मीळ झाली. नुसती मुळेच वाढवता आली तर? ती वाढवता येतात, आणि त्यासाठी लागणारा जनुकबदल मातीतला एक जिवाणूच करून देतो.

त्याचे नाव अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस. वनस्पतीला जखम झाली की तिथे चिकटून तो आपल्या प्लाझ्मिडवरचा (म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या गोल डीएनएवरचा) एक तुकडा पेशीत सोडतो. हा तुकडा पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. त्यातल्या ‘रोल’ जनुकांमुळे पेशी ऑक्सिन या संप्रेरकाला फार संवेदनशील होते आणि तिथून मूळ फुटते.

प्रयोगशाळेत निर्जंतुक केलेल्या पानाला जिवाणूत बुडवलेल्या सुईने टोचतात. दोनेक आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, टोचल्या जागी पांढरी, लवदार मुळे दिसू लागतात. त्यांची टोके कापून सेफोटॅक्सिमसारखे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमात ठेवतात, म्हणजे जिवाणू मरतो. मग पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुके आहेत का ते शोधणारी चाचणी. तीत ‘रोल’ जनुके सापडायला हवीत; जिवाणूची ‘व्हिर’ जनुके मात्र सापडता कामा नयेत, कारण ती वनस्पतीत जातच नाहीत. दिसलीच तर जिवाणू अजून कुठेतरी दडून आहे असे समजायचे.

पुढे साखर आणि क्षार घातलेल्या द्रवात, अंधारात, साधारण २५ अंश सेल्सिअसला फ्लास्क शेकरवर हलते ठेवतात. साधे मूळ तोडून ठेवले तर बहुधा ऑक्सिन दिल्याशिवाय ते नीट वाढत नाही. ही मुळे एकही संप्रेरक न घालता फाट्यांना फाटे फोडत फ्लास्क भरून टाकतात. माझ्या मते त्यांचे खरे मोल मात्र स्थैर्यात आहे. सुट्या पेशी वाढवल्या तर द्रव्याचे प्रमाण हळूहळू घसरण्याची भीती असते. ही मुळे तेच द्रव्य दीर्घकाळ बनवत राहतात.

अर्थात, मूळ जे बनवते तेच मिळणार. सदाफुलीच्या मुळांतून अजमॅलिसिन हे औषधी द्रव्य मिळते, पण कर्करोगावरच्या व्हिनब्लास्टिनसाठी लागणारे व्हिंडोलिन तयार होते हिरव्या पानांत. तिथे हा मार्ग अडतो.

दुसरी अडचण मोठ्या टाकीची. वाढत्या मुळांचा गच्च गुंता होतो, आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही आणि मधली मुळे काळवंडून मरतात. ढवळायला पाते फिरवावे तर मुळेच तुटतात. म्हणून काही टाक्या द्रवाने भरतच नाहीत. मुळे जाळीवर ठेवून त्यांच्यावर पोषक द्रवाचे धुके सोडतात.