सूट वेगळी, स्थगिती वेगळी: दुसऱ्या जेम्सचे दोन अधिकार

१६८८ च्या इंग्लंडमधल्या क्रांतीबद्दल वाचताना राजाचे दोन अधिकार सारखे एकमेकांत मिसळतात. एखाद्या माणसाला कायद्यातून सूट देणं हा एक आणि तो कायदाच सगळ्यांसाठी स्थगित करणं हा दुसरा. वरवर पाहता दोन्हींचा परिणाम एकच: संसदेचा कायदा कागदावर राहतो आणि चालतं राजाचं. पण त्या काळच्या वकिलांच्या लेखी हे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर आपल्या बाजूने लागलं म्हणून तेव्हाचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स शेफारला, असं माझं मत आहे.

आधी सूट. आपल्याकडे फाइलवर 'खास बाब म्हणून मंजूर' असा शेरा पडतो, त्यातलाच हा प्रकार. नियम जागच्या जागी, फक्त या अर्जदाराला लागू नाही. मध्ययुगापासून राजे अशी सूट देत आले होते. संसद वर्षानुवर्षं भरत नसे, मग अडलेल्याची वाट कुणी मोकळी करायची? १६७४ मध्ये, परवान्याशिवाय वाइन विकल्याच्या एका खटल्यात, लंडनच्या वाइन विक्रेत्यांच्या संघाला पूर्वीच्या राजाने दिलेली सूट न्यायालयाने ग्राह्य धरली. मर्यादा अर्थात होत्या. जे कृत्य मुळातच वाईट, त्याला राजाही परवानगी देऊ शकत नव्हता.

जेम्सने हा अधिकार थेट सैन्यात आणला. १६७३ च्या टेस्ट ॲक्टप्रमाणे सरकारी किंवा लष्करी पद घेणाऱ्याने अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रोटेस्टंट चर्चच्या, पद्धतीचं कम्युनियन (भाकरी-वाइनच्या प्रसादाचा विधी) घेऊन शपथ घ्यायची होती. नाही घेतली तर ५०० पौंड दंड, आणि तो खटला भरणाऱ्याच्या खिशात. सर एडवर्ड हेल्स कॅथलिक झाला होता. जेम्सने त्याला पायदळाचा कर्नल केला आणि शपथेतून सूट दिली. मग त्याच्यावर ५०० पौंडांचा दावा कुणी ठोकला? त्याच्याच बग्गीवानाने, आर्थर गॉडनने! खटला संगनमताचा होता, हे उघड आहे. त्याआधी जेम्सने न ऐकणारे न्यायाधीश काढून टाकले होते. त्यांपैकी सर टॉमस जोन्स राजाला म्हणाला म्हणे, की आपल्या मताचे बारा न्यायाधीश आपल्याला मिळतील, पण बारा कायदेपंडित मिळणं अवघड. जून १६८६ मध्ये बारापैकी अकरा न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला. मुख्य न्यायाधीश हर्बर्टचं म्हणणं असं: इंग्लंडचे कायदे हे राजाचे कायदे, तेव्हा गरज पडल्यास त्यातून सूट देणं राजाच्या हाती, आणि गरज आहे की नाही हे ठरवणाराही राजाच.

यातलं शेवटचं वाक्य घातक. एकाला सूट देता येते, तर शंभरांना का नाही? आणि सगळ्यांनाच दिली, तर कायदा उरला कुठे?

स्थगितीच्या पाठीशी मात्र सुटीसारखी भक्कम परंपरा नव्हती. मुंबई बेट कंपनीला वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने देणाऱ्या दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये जाहीरनामा काढून अँग्लिकन नसलेल्यांवरचे धर्मविषयक दंडाचे कायदे स्थगित केले होते. कॉमन्स सभागृहाने त्याला बजावलं, की हे संसदेच्या कायद्याशिवाय करता येत नाही. डच युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून चार्ल्सने मुकाट्याने जाहीरनामा मागे घेतला. धाकट्या भावाने, म्हणजे जेम्सने, यातून काही धडा घेतला नाही. १६८७ मध्ये त्याने तसाच जाहीरनामा काढला, १६८८ मध्ये पुन्हा काढला आणि तो चर्चमध्ये वाचून दाखवायचा हुकूम सोडला.

कँटरबरीचा आर्चबिशप सँक्रॉफ्ट आणि सहा बिशप यांनी हा हुकूम मागे घ्यावा म्हणून अर्ज केला. असा अधिकार बेकायदा असल्याचं संसदेत वारंवार सांगितलं गेलं आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. जेम्सने राजद्रोही बदनामीचा खटला भरला. न्यायमूर्ती पॉवेलने ज्यूरीला सांगितलं, की हे एकदा मान्य केलं तर संसदेची गरजच उरणार नाही. ज्यूरी रात्रभर कोंडलेली, आणि अडून बसला होता राजवाड्याला बिअर पुरवणारा मायकेल आर्नोल्ड. निर्दोष म्हटलं तर राजाचं गिऱ्हाईक जाणार, दोषी म्हटलं तर बाकी सगळ्यांचं! सकाळी तो नमला. ३० जून १६८८ रोजी बिशप सुटले आणि त्याच दिवशी सात पुढाऱ्यांनी जेम्सच्या डच जावयाला, ऑरेंजच्या विल्यमला, फौज घेऊन येण्याचं निमंत्रणपत्र धाडलं. तो आला, जेम्स पळाला आणि गादी विल्यम व मेरीकडे गेली.

१६८९ च्या बिल ऑफ राइट्सने, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या संसदेच्या कायद्याने, हे दोन अधिकार एकाच मापाने मोजले नाहीत, आणि नेमका हाच तपशील बहुतेक जण विसरतात. संसदेच्या संमतीशिवाय स्थगिती सरसकट बेकायदा. सूट मात्र 'अलीकडे ज्या रीतीने वापरली गेली' त्या रीतीने बेकायदा. जुन्या राजांनी दिलेल्या सुटी एका फटक्यात रद्द होऊ नयेत, म्हणून ही सांभाळून केलेली शब्दयोजना. पुढे मात्र ज्या कायद्यातच सुटीची तरतूद आहे, तिथेच ती चालेल असं ठरलं.

राहता राहिला जाहीरनाम्यातला मजकूर. अँग्लिकन नसलेल्या प्रोटेस्टंटांना त्यातली काही मोकळीक संसदेने १६८९ मध्ये स्वतःच कायदा करून दिली. जेम्सने ती कॅथलिकांनाही देऊ केली होती. त्यांना संसदेत बसण्यासाठी १८२९ उजाडावं लागलं.