हिरा दोन ठिकाणी असेल, तर त्याचे गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला?

घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या तीस मजली इमारतीत एक अत्यंत अचूक घड्याळ तळमजल्यावर आणि तसेच दुसरे गच्चीवर ठेवले, तर वर्षभरात गच्चीवरचे घड्याळ सुमारे ३०० नॅनोसेकंद पुढे गेलेले असेल. उंची ९० मीटर धरली आहे. यात घड्याळाचा दोष नाही. पृथ्वीपासून जितके वर जावे तितका काळच किंचित वेगाने सरकतो, असे आइन्स्टाइनचा १९१५ चा सामान्य सापेक्षता सिद्धांत सांगतो. गुरुत्वाकर्षणही वर थोडे क्षीण होते. ६० किलोचा माणूस त्याच गच्चीवर पुरेशा संवेदनशील स्प्रिंगकाट्यावर उभा राहिला, तर काटा तळमजल्यापेक्षा पावणेदोन ग्रॅम कमी दाखवील.

काळाचा हा फरक आता टेबलावर मोजता येतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेत ॲल्युमिनियमच्या आयनांवर चालणाऱ्या दोन घड्याळांपैकी एक ३३ सेंटिमीटर उचलले आणि त्याची चाल बदललेली दिसली. २०२२ मध्ये बोल्डर इथल्या जिला प्रयोगशाळेत जून ये यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम अणूंच्या एकाच ढगात, अवघ्या १ मिलिमीटर उंचीच्या अंतरात, वरच्या आणि खालच्या अणूंच्या चालीतला फरक पकडला. एवढ्याशा उंचीने घड्याळात एका सेकंदाची तफावत पडायला सुमारे २९ हजार कोटी वर्षे लागतील.

ही घड्याळे चालतात ती क्वांटम नियमांवर, आणि मोजतात ते गुरुत्वाकर्षण. म्हणून ‘क्वांटम सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षण यांचे जमत नाही’ हे वारंवार वाचायला मिळणारे वाक्य फार ढोबळ आहे. ते नेमके कुठे जमत नाही, हे सांगायला हवे.

१९७५ मध्ये कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांनी सिलिकॉनच्या स्फटिकाने न्यूट्रॉनची लहर दोन वाटांत विभागली. यंत्र फिरवून एक वाट दुसरीपेक्षा काही सेंटिमीटर वर आणली. वरच्या आणि खालच्या वाटेने आलेल्या लहरी पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा त्यांच्या कलेत, म्हणजे चढउतारांच्या जुळणीत, फरक पडला होता. यंत्राचा कोन बदलत नेला तशी पलीकडच्या गणकातली न्यूट्रॉनची संख्या लयीत कमीजास्त होत गेली. ज्या सूत्रात पृथ्वीचे गुरुत्व सांगणारा g आणि क्वांटम सिद्धांतातला प्लांकचा स्थिरांक h शेजारी बसतात, ते सूत्र असे प्रयोगातून खरे ठरले. एकच न्यूट्रॉन दोन वाटांनी जातो आणि पृथ्वी त्याच्या दोन्ही वाटांना ओढते, यात आता शंका नाही.

पण इथे ओढणारी आहे ती पृथ्वी, आणि पृथ्वी एकाच ठिकाणी आहे. ओढणारी वस्तूच एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याच्या अवस्थेत, म्हणजे सुपरपोझिशनमध्ये, असेल तर? तिचे गुरुत्व क्षेत्रही दोन्ही रूपांत एकाच वेळी असेल, की त्याला एकच रूप घ्यावे लागेल? सगळी अडचण इथे आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणात एका बाजूला अवकाशकाळाची वक्रता आणि दुसऱ्या बाजूला पदार्थ असतो. पदार्थाची जागाच अनिश्चित असली, तर वक्रता कुठे लिहायची हे ते समीकरण सांगत नाही.

सोपा तोडगा म्हणजे सरासरी घेणे. वस्तू अर्धी इकडे, अर्धी तिकडे आहे असे मानायचे. १९८१ मध्ये पेज आणि गाइल्कर यांनी हे तपासले. किरणोत्सारी क्षयाच्या, म्हणजे एका क्वांटम घटनेच्या, नोंदीवरून शिशाची वजने या बाजूला ठेवायची की त्या, हे ठरवले आणि जवळच्या पीळ-तराजूवर, म्हणजे बारीक तारेला टांगलेल्या आणि किंचित ओढीनेही वळणाऱ्या दांडीवर, ओढ मोजली. तराजू सरासरीकडे वळला नाही; वजने जिथे ठेवली होती तिकडेच वळला. यावरून सरासरीची कल्पना मागे पडली, पण पूर्ण बाद झाली नाही. तराजूपर्यंत गोष्ट पोहोचण्याआधीच सुपरपोझिशन मोडले असेल, तर या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी सुपरपोझिशन खरोखर टिकवून धरलेले वस्तुमान लागते. रिचर्ड फाइनमन यांनी १९५७ मध्ये चॅपल हिलच्या परिषदेत नेमका हाच मुद्दा मांडला होता.

तसे वस्तुमान अजून हाती आलेले नाही. २०१९ मध्ये व्हिएन्नात सुमारे २,००० अणूंच्या, २५,००० डाल्टनहून (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वजन) जड रेणूंचे व्यतिकरण, म्हणजे एकाच रेणूच्या दोन वाटांनी आलेल्या लहरींचे एकमेकींत मिसळणे, दाखवले गेले. दुसऱ्या टोकाला, २०२१ मध्ये व्हिएन्नातच सुमारे ९० मिलिग्रॅमच्या, २ मिलिमीटर व्यासाच्या सोन्याच्या गोळीचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण मोजले गेले. या दोन वस्तुमानांत एकावर १८ शून्ये इतक्या पटींचे अंतर आहे. दोन्ही बाजूंनी पूल बांधायचे काम चालू आहे. रेणू मोठे होत आहेत आणि ओढणाऱ्या गोळ्या लहान होत आहेत.

२०१७ मध्ये सौगतो बोस आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे कियारा मार्लेट्टो व व्लात्को वेद्राल यांनी, वेगळी वाट सुचवली. गुरुत्व क्षेत्र मोजूच नका. दोन वस्तू सुपरपोझिशनमध्ये शेजारी ठेवा आणि त्या फक्त गुरुत्वाकर्षणामुळे एकमेकींशी एंटँगल होतात का, म्हणजे दोघींची अवस्था वेगवेगळी सांगताच येणार नाही अशी क्वांटम रीतीने गुंतते का, ते पाहा.

बोस यांच्या आराखड्यात १ ग्रॅमचे १० हजार कोटी भाग केल्यावर त्यातला एक, एवढ्या वजनाचे दोन हिरे आहेत. हिऱ्याच्या घनतेवरून व्यास पावणेदोन मायक्रोमीटर येतो. हिऱ्यात कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी एक रिकामी जागा असते. तिथल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगचा चुंबकी कल, मायक्रोवेव्हने ‘वर’ आणि ‘खाली’ यांच्या सुपरपोझिशनमध्ये नेतात. मग तीव्र चढाच्या चुंबकीय क्षेत्रात ‘वर’चा हिरा एकीकडे आणि ‘खाली’चा दुसरीकडे ढकलला जातो. हा चढ मीटरला १० लाख टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घरात हवा. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रात तो मीटरला काही शतांश टेस्ला असतो.

प्रत्येक हिऱ्याच्या दोन जागांत २५० मायक्रोमीटर अंतर पडते, आणि एका हिऱ्याच्या दोन जागांचा मध्यबिंदू दुसऱ्याच्या मध्यबिंदूपासून ४५० मायक्रोमीटरवर असतो. म्हणजे चार शक्यता: दोघे एकमेकांकडे सरकलेले, २०० मायक्रोमीटरवर, दोघे बाहेरच्या बाजूला, ७०० वर, आणि दोन शक्यता ४५० च्या. अडीच सेकंद असेच राहू दिले, तर २०० मायक्रोमीटरच्या शक्यतेची कला गुरुत्वामुळे सुमारे ४५ अंश सरकते, ४५० ची २० अंश आणि ७०० ची १३ अंश. पहिली आणि तिसरी मिळवून मधलीची दुप्पट वजा करा, १८ अंश उरतात. एंटँगलमेंट आहे ते या १८ अंशांत. चारही शक्यता सारख्याच सरकल्या असत्या तर काहीच कळले नसते. वस्तुमान दहापट कमी केले तर हा आकडा शंभरपट घटतो, म्हणून हलका हिरा घेऊन काम भागत नाही.

कागदावर हे सुंदर दिसते. प्रयोगात मात्र प्रत्येक आकडा अडवतो.

विद्युतभार घ्या. दोन्ही हिऱ्यांवर एकेक जादा इलेक्ट्रॉन राहिला, तर त्यांच्यातली विद्युत ऊर्जा गुरुत्व ऊर्जेच्या सुमारे साडेतीन हजार कोटी पट होते. एंटँगलमेंट दिसेल, पण ते विजेचे असेल. म्हणून अतिनील प्रकाशाने भार एक-एक इलेक्ट्रॉन करत शून्यावर आणावा लागतो आणि प्रत्येक वेळी तपासावा लागतो.

भार गेला तरी कॅसिमिर-पोल्डर आकर्षण, म्हणजे भार नसलेल्या वस्तूंमध्येही क्वांटम चढउतारांमुळे असणारी ओढ, उरते. अंतर निम्मे केले की गुरुत्व ऊर्जा दुप्पट होते, पण ही ऊर्जा १२८ पट वाढते, कारण ती अंतराच्या सातव्या घाताने बदलते. २०० मायक्रोमीटरची मर्यादा यातूनच आली आहे. मध्ये धातूचा पातळ पडदा ताणून लावला तर हे आकर्षण अडते आणि हिरे आणखी जवळ आणता येतात, मात्र मग पडद्याचे स्वतःचे कंप सांभाळावे लागतात.

हवेचा एक रेणू जरी आपटला, तरी हिरा कुठे होता याची नोंद त्या रेणूत राहते आणि सुपरपोझिशन मोडते. बोस यांच्या हिशेबात तापमान निरपेक्ष शून्याच्या वर ०.१५ अंश आणि दाब आपल्या वातावरणाच्या एकावर २० शून्ये इतक्या पटींनी कमी आहे. हिरा स्वतः गरम असून चालत नाही, कारण त्यातून निघणारा अवरक्त प्रकाशही तीच चुगली करतो.

अडीच सेकंद मुक्तपणे पडू द्यायचे तर ३० मीटर खोली लागते, म्हणजे ठाण्यातल्या दहा मजली इमारतीच्या लिफ्टची विहीर. हिरा चुंबकाने तरंगत ठेवला तर ही खोली वाचते, पण आधाराचे कंप हिऱ्यात उतरतात.

आणि शेजाऱ्यांचे काय? तीन हात नाक्यावर १० मीटर अंतरावरून प्रवाशांसह १५ टनांची बस गेली असे धरा. बसची ओढ दोन्ही हिऱ्यांना जवळजवळ सारखीच, तिचा त्रास नाही. पण ४५० मायक्रोमीटरच्या अंतरात तिच्या ओढीत जो बारीक फरक पडतो, तोही हिऱ्यांच्या आपसातल्या सर्वांत जोराच्या, म्हणजे २०० मायक्रोमीटरवरच्या, ओढीच्या सुमारे ५० हजार पट आहे. बस एंटँगलमेंट निर्माण करत नाही, हे खरे. ती प्रत्येक फेरीत कला वेगवेगळी सरकवते, आणि अनेक फेऱ्यांचे उत्तर एकत्र केले की १८ अंश पुसून जातात. रात्री लोकल थांबल्यावरही ठाण्याला हा प्रयोग शांतपणे करता येणार नाही. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे पीळ-तराजूचे प्रयोग कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली झाले, गुरुत्वलहरी टिपण्यासाठीच्या लायगो-इंडियाची जागा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला निवडली गेली. अशा मोजमापांना गर्दीपासून दूरच जावे लागते. लायगोने २०१५ पासून पकडलेल्या लहरी मात्र आइन्स्टाइनच्या क्वांटमविना सिद्धांतानेच नीट समजतात; गुरुत्व क्वांटम आहे की नाही, याचा निर्णय त्यातून लागत नाही.

समजा, सगळे सांभाळून एंटँगलमेंट दिसले. क्वांटम माहितीशास्त्रातला एक पक्का नियम असा की दोन वस्तूंमध्ये केवळ साध्या, क्वांटम नसलेल्या माध्यमातून देवाणघेवाण झाली, तर त्या एंटँगल होऊ शकत नाहीत. म्हणजे मधले गुरुत्वच क्वांटम रीतीने वागले, असे मानावे लागेल. ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाचा मानलेला क्वांटम कण, दिसला असे मात्र म्हणता येणार नाही.

न दिसले तर? रॉजर पेनरोज आणि लायोश दिओशी यांच्या मते जड वस्तूचे सुपरपोझिशन गुरुत्वामुळे आपोआप मोडते. त्यांच्या सूत्रात हिऱ्याचे आकडे घातले, तर एक शतांश सेकंदाच्या आसपास वेळ येतो. मग अडीच सेकंदांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नाही. या कल्पनेचे सर्वांत साधे रूप इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखाली जर्मेनियम शोधकाने केलेल्या प्रयोगात बाद झाले आहे, कारण त्याने वर्तवलेले क्षीण क्ष-किरण आणि गॅमा किरण तिथे सापडले नाहीत. बाकीची रूपे अजून उभी आहेत. जोनाथन ओपनहाइम तर गुरुत्व क्वांटम नाहीच, पण यादृच्छिक आहे असे सुचवतात. तसे असेल तर किलोभर वजनाच्या मापनातही एक न टळणारी थरथर दिसायला हवी.

म्हणून ‘काहीच दिसले नाही’ हे उत्तर वाचणे सर्वांत अवघड. हिरे खरोखर सुपरपोझिशनमध्ये होते, हे वेगळे सिद्ध करावे लागेल. त्यासाठी एक हिरा दूर नेऊन दुसऱ्या एकट्याचे व्यतिकरण तपासायचे. ते स्वच्छ दिसले आणि दोघे जवळ आणल्यावर १८ अंश आले नाहीत, तरच बोट गुरुत्वाकर्षणाकडे दाखवता येईल. एकट्याचेही व्यतिकरण मोडले तर आधी दाब, भार आणि तापमान पुन्हा तपासायचे. प्रत्येक फेरीत हाती येतात फक्त दोन नोंदी: दोन स्पिन, ‘वर’ किंवा ‘खाली’. १८ अंश वेगळे ओळखू यायला अशा फेऱ्या हजारोंनी कराव्या लागतील, आणि दर फेरीला तेच दोन हिरे पुन्हा पकडून, थंड करून, भार तपासून त्याच जागी आणून ठेवावे लागतील.