हरकत नोंदवून काय उपयोग?

‘विकास आराखडा बंद खोलीत ठरतो, हरकती-सूचना मागवणं हा नुसता देखावा,’ हे आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकतो. मुंबईचंच उदाहरण घ्या.

२०१४–३४ चा प्रारूप आराखडा, म्हणजे शहरात कुठे काय असेल याचा कच्चा मसुदा, फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. स्टेशनांभोवती ८ पर्यंत एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम), आरेच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाव, उभ्या इमारतींवरून आखलेले रस्ते! लोकांनी नकाशे हातात घेऊन आपापली गल्ली पडताळली आणि हजारो हरकती नोंदवल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखड्याचा फेरविचार करायला लावला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

मुळात हरकत घेणं ही पालिकेची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवाव्याच लागतात आणि त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते.

अर्थात हे मतदान नव्हे. हजार सह्यांचं एकच छापील पत्र बऱ्याचदा एका मुद्द्याइतकंच वजन धरतं. त्यापेक्षा सिटीएस क्रमांक (जागेचा नगर भूमापन क्रमांक), नकाशाची शीट आणि ‘इथे मैदान आहे, तुम्ही रस्ता दाखवलाय’ असा जागेवरचा फोटो द्या. मुदत मात्र चुकवू नका. आपल्याकडे जाग येते ती बुलडोझर दारात आल्यावर.