'किती सुटलीस गं!' म्हटल्यावर शरीरात काय होतं

मराठवाड्यात लग्नसराई लागली की पोरापोरींच्या शरीराचं जाहीर ऑडिट सुरू होतं. अंगकाठीवरून, रंगावरून असं हिणवण्याला हल्ली 'बॉडी शेमिंग' म्हणतात. अजून अक्षता पडलेल्या नसतात, आणि परभणीची मावशी नांदेडच्या भाचीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणते, "अगं बया, किती सुटलीस!" शेजारची आत्या लगेच पुढचं जोडते, "हॉस्टेलचं जेवण मानवलं वाटतं." जी बारीक आहे ती 'पाप्याचं पितर'. जी सावळी तिला 'उन्हात कामून हिंडती गं'. जो बुटका, त्याच्या डोक्यावर येताजाता टपली. लेकरू कसंनुसं हसतं. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "तिच्या भल्यासाठीच बोलते. टोचून बोलल्याशिवाय माणूस सुधरत नाही."

मी लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. बोलण्याच्या रीतीभातीची बाजू इतरांनी बघावी. मला भांडायचंय ते या शेवटच्या वाक्याशी. टोमणा मारला की वजन उतरतं, असा दावा त्यात दडलेला आहे आणि तो तपासता येतो. तपासला गेलाही आहे. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त मुलींचा वयाच्या १० व्या वर्षापासून १९ व्या वर्षापर्यंत पाठपुरावा झाला होता. दहाव्या वर्षी त्यांना विचारलं होतं की आई, वडील, भावंडं, मैत्रिणी, शिक्षक यांपैकी कोणी तुला 'फार जाड' म्हटलंय का? ही माहिती घेऊन जेफ्री हंगर आणि जेनेट टोमियामा यांनी २०१४ साली विश्लेषण छापलं. ज्या मुलींनी 'हो' म्हटलं होतं, त्यांच्यात एकोणिसाव्या वर्षी स्थूलता जास्त आढळली. मुळात जाड मुलींनाच कोणी जाड म्हणणार, ही शंका त्यांनाही आली होती, म्हणून दहाव्या वर्षीचं वजन, घरची मिळकत, पाळी कधी आली हे सगळं हिशेबात धरूनच हा निष्कर्ष काढलेला आहे. घरच्यांनी हिणवलं असेल तर संबंध अधिक ठळक होता. टोमण्यामुळेच वजन वाढलं, असं अशा अभ्यासातून छातीठोक म्हणता येत नाही. पण टोमण्याने उतरतं म्हणणाऱ्यांच्या पदरात काहीच पडत नाही, एवढं नक्की.

असं का होत असावं? इथून माझा आवडता भाग सुरू होतो.

१९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेलहामर या तिघांनी प्रयोगशाळेत माणसाला हुकमी ताण कसा द्यायचा, याची एक पद्धत बसवली. ना सुई, ना शॉक. तुम्हाला एका खोलीत नेतात. समोर टेबलामागे परीक्षक बसलेले, कॅमेरा चालू. या नोकरीला मीच कसा लायक आहे, यावर पाच मिनिटं बोलायचं. परीक्षकांना सक्त ताकीद असते की हसायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. तुम्ही अडखळलात तरी ते नुसते बघत राहतात. भाषण संपलं की लगेच तोंडी गणित: १०२२ मधून १३ वजा करत करत खाली यायचं. चुकलात की थंड आवाजात सांगतात, पुन्हा १०२२ पासून. आधी आणि नंतर ठरावीक वेळाने तुमची लाळ गोळा करतात, कारण लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक (हार्मोन), मोजता येतं. ते मुळापेक्षा दोन ते चार पट चढलेलं सापडतं.

२००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी ताणाच्या २०८ प्रयोगांची गोळाबेरीज केली. कर्कश आवाज ऐकवून कॉर्टिसॉल फारसं हलत नव्हतं. ते सगळ्यात जास्त चढायचं आणि उतरायलाही सगळ्यात जास्त वेळ घ्यायचं, ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर. एक, लोक आपल्याला जोखतायत ही जाणीव. दुसरी, आपण काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही ही जाणीव.

आता मांडवातल्या भाचीकडे बघा. वजन ती त्या क्षणी कमी करू शकत नाही, रंग बदलू शकत नाही, उंची वाढवू शकत नाही. भोवती सगळी पाहुणेमंडळी. दोन्ही अटी पूर्ण झाल्या. ट्रिअरच्या खोलीत निदान परीक्षक दात काढत नसत.

पुढची साखळी 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येक लेकराला तोंडपाठ असते, फक्त ती आपल्याच अंगात चालू आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तो सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. त्याच्या खाली लोंबणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी त्यावरून एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते. ते रक्तातून मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातं, आणि तिथल्या कवचाचा मधला थर कॉर्टिसॉल तयार करतो. छातीत धडधड होते ती अॅड्रिनॅलिनमुळे, सेकंदांत. कॉर्टिसॉल सावकाश येतं. ताण सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी लाळेत त्याचा कळस दिसतो. म्हणजे पंगत बसून भात वाढला जातो, सगळे विषय विसरलेले असतात, तेव्हा या पोरीच्या रक्तात ते ऐन भरात असतं.

ही साखळी थांबते कशी, ते मला जास्त मोहक वाटतं. टाकी भरली की बॉल कॉक पाणी बंद करतो, तसं कॉर्टिसॉल स्वतःच हायपोथॅलॅमस आणि पीयूषिकेला जाऊन चिकटतं आणि वरचा पुरवठा तोडतं. चिकटायला मेंदूत दोन प्रकारचे ग्राहक रेणू (रिसेप्टर) आहेत. मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहकाची कॉर्टिसॉलवरची पकड दुसऱ्याच्या साधारण दहापट घट्ट, त्यामुळे शांत वेळेलाही तो बहुतेक भरलेलाच असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहकाची पकड सैल, म्हणून तो पातळी चढल्यावरच भरतो आणि 'आता पुरे' हा निरोप मुख्यतः त्याच्याकडून जातो. हा दुसरा ग्राहक पेशीत एकटा नसतो. त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत एफकेबीपी५ नावाचं एक आहे, जे त्याची संवेदनशीलता कमी करतं. गंमत म्हणजे कॉर्टिसॉल वाढलं की या प्रथिनाचं उत्पादनही वाढतं. ताण वारंवार होत राहिला तर बंद करणारी यंत्रणाच बधिर व्हायला लागते. तीव्र नैराश्याच्या काही रुग्णांना डेक्सामेथासोन हे एरवी कॉर्टिसॉल दाबणारं कृत्रिम स्टिरॉइड दिलं तरी त्यांचं कॉर्टिसॉल दबत नाही, हे वैद्यकाला १९६० च्या दशकाच्या शेवटापासून ठाऊक आहे. (इथे ज्यांचं डोकं गरगरलं त्यांनी खुशाल पुढे जावं. एफकेबीपी५ निघालं की मला आवरत नाही.)

पण मावशी तर एकदाच बोलली. मग वारंवार कसं? मावशी एसटी धरून परभणीला गेली, वाक्य मात्र इथेच राहिलं. अपमान आठवून पुन्हा पुन्हा उगाळला की ताणाची यंत्रणा पुन्हा जागी होते. रात्री हॉस्टेलच्या खाटेवर, सकाळी आरशासमोर, मेसमध्ये ताट वाढून घेताना. मेसमधलं तर मी डोळ्यांनी बघतो. चारचौघींत एक पोरगी अर्धी पोळी घेते, 'भूक नाही' म्हणते. तिच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात पाच रुपयेवाल्या बिस्किटांचे तीन-चार पुडे असतात. यात ढोंग नाही. कॉर्टिसॉल भूक वाढवतं, त्यातही ओढ गोडाची आणि तेलकटाची. पोटाच्या आतल्या चरबीत ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहक जास्त असतात, म्हणून साठवणही तिथेच होते. झोप बिघडते ती वेगळीच. शिवाय जिच्या पळण्याला कोणी हसलं, ती मैदानावर पुन्हा कशाला फिरकेल?

२०१५ चा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. कॉलेजच्या तरुणींना खरेदीच्या मानसशास्त्रावरचा अभ्यास म्हणून बोलावलं. त्यातल्या काहींना सांगितलं की तुमची अंगकाठी या कपड्यांना शोभणार नाही, तुम्हाला भाग घेता येणार नाही. ज्या स्वतःला जाड समजत होत्या, त्यांचं कॉर्टिसॉल नंतरही चढलेलंच राहिलं. काटा किती दाखवतो यापेक्षा ती स्वतःला काय समजते, हे इथे निर्णायक ठरलं. म्हणून 'अगं, तू कुठे जाड आहेस' अशी समजूत घालूनही पुष्कळदा काही हलत नाही.

तरुण वयातच हे इतकं जिव्हारी का लागतं? लिआ सॉमरव्हिल यांच्या गटाने २०१३ साली ८ ते २३ वयाच्या मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि सांगितलं की आता कॅमेऱ्यातून तुमच्याच वयाचं कोणीतरी तुम्हाला बघतंय. बघत कोणीच नव्हतं. करायचंही काही नव्हतं. तरी किशोरवयीनांमध्ये संकोच झपाट्याने वाढला, तळहाताला घाम आला, आणि कपाळामागचा मधला भाग, जो 'लोक मला काय समजत असतील' याचा हिशेब ठेवतो, तो या वयात जास्त पेटला. नुसतं बघितल्याने ही अवस्था. वर रील्समधले फिल्टर लावलेले चेहरे आणि खाली आलेल्या कमेंट यांची भर घालून बघा.

आता थोडं बाजाराबद्दल. हल्ली 'कॉर्टिसॉल डिटॉक्स'ची पेयं आणि 'कॉर्टिसॉल फेस'ची, म्हणजे ताणाने चेहरा सुजतो असं सांगणारी, रील्स जोरात आहेत. कॉर्टिसॉल विष नाही. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप चढतं, म्हणून तर अंथरूण सुटतं. लिंबूपाण्याने ते धुऊन निघत नाही. गोरेपणाचा धंदा त्याहून वाईट. गरोदरपणी केशराचं दूध प्यायल्याने बाळ गोरं होत नाही. रंग मेलॅनिनच्या जनुकांवर ठरतो आणि केशराला जनुकं बदलता येत नाहीत. केशर निदान निरुपद्रवी. चिठ्ठीशिवाय काउंटरवरून मिळणाऱ्या काही 'गोऱ्या' मलमांत मोमेटासोन किंवा बीटामेथासोन असतं, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच खानदानातली औषधं. महिनोन्‌महिने चोळल्यावर कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, लव वाढते, आणि मलम थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं. सावळ्या विठ्ठलापुढे डोकं ठेवणाऱ्या मुलखात हे विकलं जातं, याला काय म्हणावं!

पोरंही यातून सुटलेली नाहीत. आमच्याकडे बीड, हिंगोली, जालन्याच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी चालते. मुलांना उंची १६५ सेंटिमीटर लागते, आणि १६३ वाल्याला गावात सगळे 'बुटक्या' म्हणत असतात. तो सिंगल बारला लोंबकळतो, उंचीची पावडर मागवतो. लांब हाडांच्या टोकांची वाढपट्टी वयाच्या अठरा-वीसच्या आसपास हाड होऊन मिटते, त्यानंतर पावडर काय करणार? (सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच भरतो ते खरं आहे. रात्रभर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषतात, दिवसभरात ते पिळून निघतं.) उंची वाढवण्याच्या आणि लठ्ठपणा घालवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणासदृश उपायांविरुद्धच्या कायद्यानेच बंदी आहे. एसटी स्टँडच्या भिंतींना हे अजून कळलेलं नाही.

बॉडी शेमिंगचा प्रत्येक बोल माणसाला आजारी पाडतो, असं मी म्हणत नाही. बहुतेक लेकरं सावरतात. पण सतत हिणवल्या गेलेल्या मुलामुलींत नैराश्य, चिंता आणि खाण्याचे आजार जास्त दिसतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलेलं आहे. घरात लक्ष ठेवायचं तर या गोष्टींवर: एकटीच जेवायला लागणं, जेवणानंतर लगेच बाथरूम गाठणं, फोटोत न येणं, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा ढगळ शर्ट, भरतीचं मैदान अचानक सोडणं. असं आठवडेच्या आठवडे चाललं तर बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकत बसू नका. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे. २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि वजनाची काळजी खरीच असेल तर? थायरॉइड असू शकतं, पीसीओडी (बीजकोशाचा, पाळी बिघडवणारा विकार) असू शकतं, ते डॉक्टरला दाखवावंच लागतं. तेव्हा डिकरसन-केमेनींच्या दोन अटी काढून घ्यायच्या: लोकांचा घोळका आणि हतबलता. पंगतीत 'भात कमी घे' म्हणणारी मावशी रात्री गच्चीवर अंथरुणं टाकताना तिला एकटीला विचारू शकते, "पाळी वेळेवर येते का गं? सकाळी मी फिरायला जाते, येतीस का?" ती 'नको' म्हणाली तर तो विषय त्या दिवसापुरता तिथेच सोडायचा.