वळवाचं नत्र येतं कुठून?

रोहिण्या बरसल्या की व्हॉट्सॲपवर एक पोस्ट हमखास फिरते: विजेमुळे हवेतलं नत्र पावसाबरोबर उतरतं, म्हणून वळवानंतर शिवार हिरवंगार होतं, युरियाची गरजच नाही. विजेचं खरं आहे, हिशोब मात्र कुणी करत नाही. जगभरातल्या विजा मिळून वर्षाला अंदाजे ५० लाख टन नत्र बांधतात, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात. पृथ्वीच्या पाठीवर ते सारखं वाटलं तर हेक्टरी जेमतेम शंभर ग्रॅम. विजा जास्त पडतात तिथे चौपट धरा. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात २० किलोंवर नत्र असतं!

मग ही हिरवाई येते कुठून? जमिनीतूनच. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५० च्या दशकात माती वाळवून भिजवण्याचे प्रयोग केले. कोरडी माती भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड आणि नत्राचा लोंढा सुटतो, हे त्यांनी दाखवलं. याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात, आणि मला तो विजेपेक्षा कितीतरी भारी वाटतो.

उन्हाळ्यात मातीच्या कणांवरचा पाण्याचा पापुद्रा आटतो. बरेच जिवाणू मरतात. उरलेले तग धरायला पेशीत अमिनो आम्लांसारखे छोटे रेणू साठवतात, म्हणजे आतलं पाणी बाहेर ओढलं जात नाही. वळीव पडला की उलटं होतं. पाणी एकदम पेशीत घुसतं, काही पेशी फुटतात, काही तो साठा बाहेर ओकतात. ढेकळंही विरघळतात आणि आत दडलेला ह्युमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय भाग, उघडा पडतो. वाचलेले जिवाणू या मेजवानीवर तुटून पडतात. त्यांच्या गरजेपेक्षा जास्तीचं नत्र अमोनियम होऊन बाहेर पडतं, आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार, म्हणून चिकणमाती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार आणि मातीवरही ऋणच, त्यामुळे ते पाण्याबरोबर खाली निघून जातं.

उत्तर नायजेरियातल्या झारियाकडच्या सव्हानात (विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात) मक्याचं दुखणं हेच. पाच-सात महिने कोरडे, मग हा लोंढा. तेव्हा मक्याची मुळं वीतभरही नसतात. पेरा लांबला की नत्र निसटलंच. शिवाय हा लोंढा निघतो ह्युमसच्या मुद्दलातून, आणि तिथल्या मातीत सेंद्रिय कर्ब बऱ्याच ठिकाणी एक टक्क्याच्या आतच. मक्याची ताटं गुरांनी खाल्ली किंवा जाळली की मुद्दल भरत नाही. मग खत टाकूनही मका हवा तसा साथ देत नाही, आणि अमोनियमयुक्त खतांनी माती वर्षागणिक आंबट होत जाते ते वेगळंच.

आपल्याकडे पंचगंगाकाठचा ऊस बारमाही भिजलेला, तिथे असा लोंढा फारसा येणार नाही. पण आजरा-चंदगडकडची जिरायत तांबडी माती सव्हानाच्या जवळची. तिच्यातली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट जातीची, म्हणजे अमोनियम धरायची ताकद काळ्या मातीच्या मानाने फारच कमी. नत्र असं निसटतं म्हणूनच मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र एकदम न देता पेरताना, महिन्याने आणि दीड महिन्याने असं तोडून द्यायची शिफारस आहे. पेरणीचा हप्ता हात राखून आणि पुढचे भांगलण झाल्यावर वाफशावर (जमीन बेताची ओली असताना) मातीआड दिले, तर युरिया कमी उडतो.

सोयाबीनचा बेवड (आधी सोयाबीन घेतलेलं रान) मक्याला चांगला म्हणतात, तेही बरोबर. फक्त सोयाबीनचं बरंचसं नत्र दाण्यांबरोबर पोत्यात भरून बाजारात जातं. शेताला उरतो पाला, मुळं आणि भुसकट. त्यातलं भुसकट मळणीनंतर बांधावरच पेटवलं, तर त्यातलं नत्र धुराबरोबर जातं.